एकाहत्तरावं वर्ष

खराडीच्या सातव्या मजल्यावर
त्यांची दुपार माझ्याकडे मध्यरात्री येते.
विनिपेगला बर्फ पडलाय, डग लिहितो,
आणि खाली: आजच्या अंकात एकाहत्तरचा मुद्दा वर घ्या.
डग सल्लागार आहे. त्याच्यासारख्या चार हजारांसाठी
मी कराच्या आणि निवृत्तीच्या बातम्या नीट करते.
स्वल्पविराम, टक्के, तारखा.
कॅनडा मी पाहिलेला नाही,
पण तिथल्या म्हाताऱ्यांनी कुठे काय ठेवलंय
हे मला आमच्या फडताळापेक्षा जास्त ठाऊक आहे.

मुद्दा असा:
जन्मभर करातून वाचवून जे बाजूला ठेवलं
ते खातं, एकाहत्तर पूर्ण होतात त्या वर्षी,
एकतीस डिसेंबरच्या आत मिटवायचं.
साठवणं पुरे. आता काढायला लागा.
दर वर्षी थोडं, ठरल्या हिश्शाहून कमी नाही,
आणि काढलं की कर.
सरकार धीर धरतं, विसरत नाही.
हे शेवटचं वाक्य माझं होतं. डगने खोडलं.

केरूमामांनाही याच नोव्हेंबरात एकाहत्तर पूर्ण झाली.
कासारवाडीला दोन खोल्या.
पिंपरीच्या कंपनीत एकतीस वर्षं लेथवर;
कंपनी गेली, तिथे आता बावीस मजले
आणि गच्चीवर पोहायचा तलाव.
पेन्शन एक हजार नऊशे बारा.
त्यातूनही पोस्टात दोनशेची रिकरिंग.
"मामा, तुमचं आता काढायचं वय," मी म्हटलं.
"कशातून?" म्हणाले,
आणि माझ्या बशीत अजून एक शंकरपाळा ठेवला.

एक शब्द मला दर आठवड्याला भेटतो:
दीर्घायुष्याची जोखीम.
म्हणजे पैसे संपले तरी माणूस उरण्याची भीती.
तक्त्यात पंच्याण्णवच्या पुढचा रकाना
ती लाल करून टाकते.
मामी अजून, पाया पडलं की,
शंभर वर्षांची हो म्हणतात.
वाकल्यावर मला फरशीवर तो लाल रकाना दिसतो
आणि उठायला अर्धा क्षण उशीर होतो.

शनिवारी हयातीचा दाखला.
पहाटे शिफ्ट संपवून तशीच गेले,
डोळ्यांत वाळू, हातात मामांची प्लॅस्टिकची पिशवी,
पिशवीत सगळ्याच्या तीन तीन झेरॉक्स.
"काका, अंगठा जोरात दाबा."
दाबला. लाल दिवा.
पुसून दाबला. लाल.
दुसरा अंगठा. लाल.
रांगेतल्या एका बाईने व्हॅसलीनची डबी पुढे केली.
"राहू द्या, अंगठा कंपनीतच झिजला," मामा म्हणाले,
"तोंड चालतंय का बघा."
तोंड चालत होतं.
मुलीने मोबाइल समोर धरला:
"काका, डोळे मिटा आणि उघडा."
मिटले.
उघडेनात.
पंखा फिरत होता, रांग हलायची थांबली,
माझ्या हातातली पिशवी कुरकुरली.
"काका! उघडा ना!"
"थांब की जरा," मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले,
"कसं वाटतं ते बघतोय."

मग हिरवी खूण.
"झालं, काका. आता एक वर्ष बघायला नको."
एक वर्ष, असं म्हणत ते पायऱ्या उतरले,
जसं कुणी भाव ऐकून पुढच्या दुकानाकडे वळावं.
कोपऱ्यावर त्यांनी चहा पाजला. पैसे मला देऊ दिले नाहीत.

सोमवारी रात्री डगचा निरोप आला.
सस्काटूनची एक बाई, शिक्षिका होती,
एकाहत्तर झाली आणि कागद करायचा विसरली,
अशा लोकांसाठी एक चौकट हवी, सोप्या शब्दांत.
लिहायला घेतली.
मी अठ्ठेचाळीसची आहे. पहिल्या नोकरीचा पीएफ
अजून तिथेच पडून आहे, नंबर सापडत नाही,
मामांनी दोनदा विचारलं.
बघू.
आधी त्या बाईचं.
एकतीस डिसेंबरला सदतीस दिवस आहेत.