टाकीमागचं निळं घर

व्हिसाचे नऊ दिवस उरले होते,
आणि गाडीचा डावा आरसा चिकटपट्टीवर.
ह्यूऑनच्या खोऱ्यातून निघालो तेव्हा
खांद्यांवर पिशवीच्या पट्ट्यांचे वळ ताजे होते,
नखांत चिकाची काळी रेघ.
दोन महिने सफरचंदं तोडली,
बिन मोजून पैसे घेतले.
आता टास्मानिया बघायचा,
तीन दिवसांत, जमेल तेवढा.

लॉर्ना फाटकापर्यंत आली. गमबूट,
हातात एक खोकं, दोरीनं बांधलेलं.
"क्वीन्सटाउनवरूनच जाणार ना?
माझा भाऊ असतो तिथे, डेस. पाण्याच्या टाकीमागचं निळं घर.
एवढं दे त्याला. कुणी दिलं ते सांगू नकोस."
आणि फाटकाची कडी लावता लावता,
बिनचं वजन सांगावं तसं:
"चौदा वर्षं झाली."

पेइ-शान गाडी चालवताना बोलत नाही.
मी बोलते.
मी म्हटलं, आमच्याकडे अशी भावंडं
जमिनीवरून तुटतात.
ती म्हणाली, तैवानमध्येही.
मग बराच वेळ आम्ही दोघी
जमिनीकडेच बघत राहिलो.
गवत वाळक्या चहाच्या रंगाचं, मैलोन् मैल,
त्यात पांढरी झाडं, साल सोलून
स्वतःच्याच पायाशी टाकणारी.
रस्त्याच्या कडेला मेलेल्या वॉलबी.
पेइ-शान प्रत्येकीपाशी वेग कमी करते,
जणू तिला अजून पलीकडे जायचंय.

एका कठड्यापाशी थांबलो.
लांबवर बर्फ धरलेला सुळका होता म्हणे,
पाटीवर त्याचं चित्र होतं.
आम्हाला ढग दिसला.
ढगाचे सात फोटो काढले,
खोक्याला हात लावला नाही.
वास मात्र गाडीभर झाला होता.

मग वळणं. पेइ-शाननं मोजली, तिच्या भाषेत, पुटपुटत,
चाळिसाच्या पुढे सोडून दिली.
आणि डोंगर अचानक उघडे.
तांब्याच्या भट्ट्यांनी झाडं खाल्ली,
पावसानं माती नेली,
उरला गुलाबी-पिवळा दगड.
लोक म्हणतात, चंद्रासारखा.
मला ते भादरलेलं डोकं वाटलं,
दुखण्यातून उठलेल्या माणसाचं.

डेसनं दार उघडलं ते अर्धंच.
लोकरीची टोपी, मोज्यांतून अंगठा बाहेर.
"कुणी दिलं?"
आम्ही दोघींनी खांदे उडवले.
त्यानं दोरी कापली नाही, सोडवली,
गुंडाळून खिशात ठेवली.
एक फळ उचललं, देठ खाली केला, हुंगलं.
"वरच्या बांधावरचं झाड. उभं आहे अजून?"
"आहे ना. त्याला शिडी लावू देत नाही लॉर्ना—"
मी जीभ चावली.
छपरावर पाऊस सुरू झाला तेवढ्यात, किंवा आधीपासून होता.
"लावायचीच नाही," तो म्हणाला. "मी पडलो होतो तिथून.
खाली तीच होती, शिडी धरून."

यापुढे काही सांगितलं नाही त्यानं.
आत गेला, बराच वेळ आला नाही.
आला तो जॅमच्या जुन्या बरणीत मध घेऊन.
"माझ्याकडे जास्तीचा आहे. जाताना कुठे द्यायचा तिथे द्या."

पण आम्ही परत तिकडे जाणारच नव्हतो.
डेव्हनपोर्टला उद्या पाचला गाडी विकायची,
रात्रीची फेरी, मग मेलबर्न, मग मी एकीकडे, ती एकीकडे.
बरणी माझ्या मांडीवर, झाकणाखालून चिकट.
पेइ-शाननं दोनदा इंडिकेटर लावला,
दोनदा बंद केला.
तेलाचा काटा मी बघितला, तिनंही बघितला.

झीहानचं पोस्ट बंद होत आलं होतं.
बाईनं बरणी माझ्याच मोज्यांत गुंडाळायला लावली,
वर वर्तमानपत्र, वर खोकं.
लॉर्नाचं नाव लिहिलं, बागेचं लिहिलं.
"आणि पाठवणाऱ्याचा पत्ता?"
खोली मी सोडलेली.
घर अजून नऊ दिवस लांब.
पेन अडखळत होतं, दोनदा गिरवून लिहिलं:
टाकीमागचं निळं घर, क्वीन्सटाउन.

टपालाला अर्ध्या तासाची सफरचंदं पडली.