प्रवासाचे कारण

दाभोळच्या फेरीधक्क्याला लागून माझं दुकान:
झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा, दाखले.
खाऱ्या वाऱ्यानं की-बोर्ड खाल्लाय,
'ळ' उमटायला बटण दाबून धरावं लागतं.

कप्तान हिसामुद्दीन सारंग भर दुपारी येतात,
गिऱ्हाईक नसताना.
त्यांचं नाव एका यादीत आहे.
जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, आणि टोपणनावाच्या रकान्यात
'दादामिया',
जे फक्त त्यांची आई म्हणायची.
हे तिकडे कुणी सांगितलं असेल, एवढंच ते विचारतात.

यादीतल्या माणसाला परमुलखात पाय ठेवता येत नाही.
स्वतःच्या देशात मात्र त्याला येऊ द्यावं, असं कलम आहे.
ती पहिली सूट. ती त्यांनी वापरली.
तीन वर्षं झाली, माडांच्या आळ्यांना पाणी घालतात.

मला हे नवं नाही.
सात वर्षांची होते, गावकीनं आम्हाला वाळीत टाकलं.
बाबांनी पालखीच्या वर्गणीचा हिशेब मागितला होता.
विहीर बंद, विस्तव बंद, दुकानातलं मीठ बंद.
मयताला तेवढी चार माणसं येतील, असं बैठकीत ठरलेलं.
आजी गेली तेव्हा मोजून चारच आली.
खांदा दिला, शब्द दिला नाही.
'यापेक्षा कुणीच आलं नसतं तर बरं,' आई म्हणाली,
आणि त्यांच्यासाठी भरून ठेवलेला पाण्याचा तांब्या
तुळशीत ओतला.

अर्ज तीन पानी.
जाण्याची तारीख, परतीची तारीख, विमान, मुक्कामाचा पत्ता.
प्रवासाचे कारण, त्यापुढे चौकटी:
वैद्यकीय. धार्मिक कर्तव्य. न्यायालयीन कामकाज.

'हज लिहू? धार्मिकला लवकर मिळते म्हणतात.'
'हज झाली गो बाय माझी.
त्या घराच्या नावानं खोटं नको.'

मग टँकरचं सांगितलं.
नाव दोनदा रंगवलेलं,
जुनी अक्षरं उन्हात नव्या रंगातून वर यायची.
ठिकाण सांगणारं यंत्र बंद ठेवा, मालकाचा हुकूम.
इंजिनावर धोपाव्याचा पोरगा, सुजित, बावीस वर्षांचा,
पोट धरून बसला. आधी वाटलं, वाटाणे बाधले.
समोर बंदराचे दिवे दिसत होते,
गाड्यासुद्धा दिसत होत्या.
त्या जहाजाला कुठलंच बंदर घेईना.
वैद्यकीय सूट निघाली पाचव्या दिवशी,
शिक्क्यासह, पोराच्या नावात एकही चूक नाही.
पोरगा तिसऱ्याच दिवशी गेला होता.
तिथल्या परदेशी खलाशांच्या कबरस्तानात पुरला,
जाळायची सोय नव्हती.
पुरला, हे त्याच्या आईला अजून कुणी सांगितलेलं नाही.

'मग धार्मिकच झालं की,' मी म्हटलं,
'जाऊन दोन फुलं वाहणार ना?'

ते खिडकीतून फेरीकडे बघत राहिले.
'पहिल्या दिवशी मी यंत्र लावलंच नाही.
मदत मागितली असती तर जहाज कुठं आहे ते कळलं असतं.
एकोणीस तास.'
चष्मा पुसला, परत घातला.
'न्यायालयीन टाक.'

मी तिथे खूण केली.
लगेच खाली दोन रकाने उघडले:
न्यायालयाचे नाव. खटला क्रमांक.
ते भरल्याशिवाय पान पुढे सरकत नाही.
'राहू दे तसंच,' म्हणाले, 'मी येतो उद्या,'
आणि न झालेल्या कामाचे वीस रुपये काचेवर ठेवले.

शुक्रवार होता.
दर शुक्रवारी नमाजानंतर ते फेरीत चढतात.
पलीकडे धोपावे, दहा मिनिटं.
फळी पडते, मोटारसायकली उतरतात,
टोपल्या उतरतात, शाळेची पोरं उड्या मारतात.
कप्तान कठड्याला धरून उभे राहतात.
उतरत नाहीत.
त्याच फेरीनं परत येतात.

परतीचं तिकीट
तिकीटवाला त्यांच्याकडे मागत नाही.