बहुधा धार्मिक

नऊ वाजले तरी वर्गातले दिवे लागलेलेच.
ग्रिम्सबीची जानेवारी, खिडकीवर गोदीकडचा खारा वारा,
आणि फळ्याच्या जागी उजळलेल्या पडद्यावर
दूरच्या कुठल्या शहरातल्या संग्रहालयाचं कपाट.

वस्तू क्रमांक चारशे बारा. पात्र. पितळ.
पश्चिम भारत. उंची अमुक, व्यास अमुक.
कर्ता अज्ञात. उपयोग: बहुधा धार्मिक.

मी पुढचं चित्र दाबणार होते.
बोट तसंच राहिलं.
ही तर अधोली!
बार्शीला आमच्या दुकानात
पोत्याच्या तोंडाशी कलंडलेली असायची,
एकदा मांजरीनं तिच्यात पिल्लू आणून ठेवलं होतं.

"धार्मिक नाही," मी म्हणाले, "हिनं ज्वारी मोजायचे."
मागच्या बाकावरून मेसन ऑडलिंगचा हात वर:
"मिस, पुरावा?"

सप्टेंबरपासून मीच घोटून घेतलेला प्रश्न.
कोण म्हणतं, कशावरून म्हणतं.
आणि माझ्यापाशी काय, तर
एक मांजर.

मग आम्ही ती फिरवली.
काचेआड ठेवलेलीला कुणी हात लावू देत नाही,
इथे माऊस ओढला की गरगरते, उताणी होते,
बूड दाखवते मुकाट्यानं.
बुडाला डाग दिलेला. एकदा नाही, दोनदा.
"देवाचं भांडं इतकं कोण आपटतं?" ऑगुस्ते विचारते.
मेसन उठून पार पडद्यापाशी आलेला, त्याच्या डोक्याची सावली पितळेवर:
"काठ बघा. एकाच बाजूनं झिजलाय."

त्याचे पणजोबा गोदीवर मासे मोजत.
त्यांच्या टबाची कडही अशीच, एकीकडे खाल्लेली.
टब अजून आहे. आईनं त्यात बटाटे लावलेत.

मी सांगितलं, काठाच्या वर धान्याचा डोंगर होतो, त्याला शीग म्हणतात.
घेताना ठेवायची, देताना पाडायची,
असे काही दुकानदार असत.
(आमचे वडील? ते मी सांगितलं नाही.)
झीज कुठल्या अंगाला आहे त्यावरून वर्गानं ठरवलं
की पाडणारा डावखुरा होता.
कर्ता अज्ञात, पण डावखुरा.

आणि मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत,
लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन.
अठ्ठावीस तोंडांतून लाब, लॅब, लाऽफ.
"हे कुठे लिहिलंय, मिस?"
कुठेच नाही रे. लिही तू.

संग्रहालयाला पत्र गेलं. उत्तर आलं:
आभारी आहोत, नोंद फेरतपासणीत आहे.
पडद्यावर अजून बहुधा धार्मिकच.

पण शुक्रवारी गणिताच्या तासाहून
मेसन धावत आला, हातात चुरगळलेला कागद.
उंची होती, व्यास होता, वजनसुद्धा होतं,
तिच्यात मावतं किती, एवढंच कुणी विचारलं नव्हतं.
"एक लीटर आणि वर आठशे चाळीस. बरोबर?"

बरोबर, मी म्हटलं.
शीग सोडून.