तीस बाय साठ

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत, पत्र्याखाली,
दुपारी तीनला लेबलं छापायची थांबली.
टॉवेल, तीस,
आणि पुढे काहीच नाही.
साठ गेले. रंग गेला. गिऱ्हाइकाचं नाव गेलं.

दोष इंचाच्या खुणेचा.
तीसच्या डोक्याशी असलेल्या त्या दोन बारीक रेघा
यंत्राला अवतरणचिन्ह वाटल्या.
त्याला वाटलं, बोलणं संपलं,
आता पुढचे हुकूम.
आणि ‘बाय साठ’ असा हुकूम
त्याला कुणी शिकवलेला नव्हता.

मी खुणेच्या आधी एक तिरकी रेघ घातली,
डावीकडे कललेली,
भिंतीला टेकवून ठेवलेल्या काठीसारखी.
तिचं म्हणणं एवढंच:
पुढच्याला अर्थ लावू नकोस,
दिसतंय तसं घे.

इरण्णाकाका मागे येऊन उभे राहिले.
चाळीस वर्षं जेकार्डची कार्डं पंच केलेला माणूस.
भोक असलं की हूक उचलतो, नसलं की धागा खाली,
बोटांत तेवढंच व्याकरण.
‘काय करलालीस?’
सांगितलं.
म्हणाले, एकदा एकाला चादरीवर
कार्डाचंच डिझाइन पाहिजे होतं,
भोकांसकट.
‘मग?’
‘मग काय. भोकाचं चित्र काढायला
नुसतं भोक पाडून भागत नाही.
पाडलेलं भोक दिसत नाही गं,
काम करतं.’
आणि तंबाखू मळत मागांकडे गेले.

लेबलं निघाली, तर फाईल सापडेना.
फोल्डरचं नाव टॉवेल, इंग्रजीत,
त्याच्या आधी पत्त्यातली तसलीच तिरकी रेघ.
रेघ आणि टी शेजारी आले
की यंत्र दोघांना गिळतं
आणि तिथं मोकळी जागा सोडतं.
ओवेल शोधत बसलं होतं, तासभर.
म्हणजे रेघेलाही रेघ लागते. दोन केल्या.
पत्ता दुसऱ्या प्रोग्रॅममधून जात होता, तिथं चार झाल्या.
शेठ खांद्यावरून वाकून म्हणाले,
‘हे कुंपण कशाला घातलंय?’

विडी घरकुलात पोचेपर्यंत आठ वाजले.

घरी आम्ही तेलुगू बोलतो.
नायना सतरा वर्षांचे असताना करीमनगरकडून आले.
पहिल्याच दिवशी जॉबर ओरडला, ‘चालू!’
आणि रांगेतले सगळे माग खडखडले.
नायनांनी हात मागे घेतला.
आमच्यात चालु म्हणजे पुरे.
जॉबर जवळ येऊन आणखी मोठ्यानं, चालू, चालू,
आणि हे आणखी मागे सरकले,
एवढं काय चुकलं म्हणून.
ही गोष्ट ते हसत सांगतात.
अर्ध्या दिवसाची हजेरी कापली,
ते शेवटी सांगतात, न हसता.

मागांनी कान नेले.
आता दोन्ही भाषा ते एकाच आवाजात बोलतात, मोठ्यानं,
ऱ्हस्व आहे की दीर्घ, त्यात काय कळणार.
आई असती तर तिला कळलं असतं.

स्लॅब दिवसभराचं ऊन परत देत होती.
नायना बाजेवर, बनियन ओला,
पंखा बंद. वीजबिल उशाला दुमडून ठेवलेलं.
मी बटणाशी जाऊन हातानंच विचारलं, लावू?
‘चालु,’ ते म्हणाले.
किंवा, चालू.

बोट बटणावर ठेवून मी तशीच उभी.
दिवसभर मी एका ठोकळ्याला समजावत होते
की कुठं अर्थ घ्यायचा आणि कुठं नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
उजवा तळहात बाजेवरून उचलला,
थोडा डावीकडे कलता केला,
आणि मग तोच शब्द पुन्हा.

मी बटण सोडलं.
पदरानं वारा घालत
त्यांच्या उशाशी बसले.