एक चाळीस, दोनदा

हल शहरात, इस्पितळाच्या तळघरात,
जिथे पंख्यांची घरघर थांबली तरच माणूस दचकतो,
गार्साइडने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं:
प्रत्येक प्रोग्रामला आधी घर बांधून द्यायचं.
फोल्डर नसेल तर तो तोंडात मूग धरून बसतो.
मरेल, पण का मेला ते लिहिणार नाही.

त्याने सात घरं बांधली होती.
टेप हलवणाऱ्याला एक, वेळापत्रक पाहणाऱ्याला एक,
बॅकअप घेणाऱ्याला मोठं, ऐसपैस,
आणि अगदी कडेला, परत आणणाऱ्याला.
तो फारसा बोलायचा नाही.
ठेवायला सगळे येतात, परत मागायला कोण येतं?
रोज मध्यरात्री नवी फाईल, नावात तारीख,
साध्या अक्षरांत, कुणीही उघडावी अशी.
बिघडलं की सात खिडक्या शेजारी शेजारी लावून
गार्साइड चष्मा कपाळावर सरकवायचा
आणि जुळवत बसायचा,
याने हाक मारली त्या सेकंदाला
त्याने ओ दिली का.

नवी पद्धत मार्चमध्ये आली.
आता सगळे एकाच वहीत लिहितात, घर मागत नाहीत.
नावं गेली, नंबर आले. टेपवाला आता एकशे चौतीस.
फाईल तशीच उघडावी तर मोडीचा कागद,
अक्षर दिसतं, शब्द लागत नाही.
वाचायला वेगळी कमांड लागते,
आणि ती दिली की, खोटं कशाला बोलू, सगळं लख्ख.
एका कामाचा नंबर टाका, त्याची अख्खी कुंडली समोर.
"वाईट नाही," गार्साइड म्हणाला.
यॉर्कशरमध्ये ही फार मोठी स्तुती.
जूनमध्ये तो निवृत्त झाला. केक गाजराचा होता.

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. घड्याळं मागे.
एक ते दोन हा तास दोनदा काढावा लागतो,
आणि तो पगारात कसा धरायचा यावर दरवर्षी वाद.
एक्स-रे विभागाचं काम एक चाळीसला पडलं.
कुठल्या एक चाळीसला?
नवी वही अडखळली नाही.
ती ग्रिनिचच्या वेळेने चालते, तिला उन्हाळा ठाऊक नाही.
चार मिनिटांत कारण हाती. डिस्क भरली होती.

मग जागा करायची म्हणून
मी जुनी घरं पाडायला घेतली. परवानगी होतीच.
पाडण्याआधी उगाच हाच रविवार काढला, गेल्या वर्षीचा.
सहा फाइलींत एक चाळीस दोनदा, भाबडेपणाने,
जुळ्या बहिणींना एकच नाव ठेवावं तसं.
सातव्या फाइलीत, परत आणणाऱ्याच्या,
त्या रात्रीच्या दोनच ओळी.
कुठल्याच प्रोग्रामच्या वळणाच्या नाहीत, हाताने टाकलेल्या:

०१:५२ पहिला. मॉरीनला पाणी दिलं. वॉर्ड नऊ. झोप नाही.
०१:५२ दुसरा. झोपली.

वॉर्ड नऊ आमच्या डोक्यावर, तीन मजले वर.
मी त्याच्या शेजारी दीड वर्ष बसले.
टेपच्या बरणीतली बिस्किटं खाल्ली.
मॉरीन हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

सहा घरं पाडली.
नव्या वहीत लगेच नोंद पडली:
वापरकर्ता मृण्मयी, सहा फोल्डर, शून्य चुका.
सातवं का ठेवलं, याला तिथे रकाना नाही,
आणि हाताने ओळ घुसवायला फटही नाही.

पार्किंगमध्ये आले तेव्हा हंबर नदीवरून वारा येत होता.
गाडीचं घड्याळ अजून एक तास पुढे.
तसंच राहू दिलं.
मार्चमध्ये ते आपोआप बरोबर येईल.