निळी शाई

सुनावणी साडेसहाला, शाळेच्या व्यायामशाळेत,
बास्केटच्या जाळीखाली, घडीच्या खुर्च्या मांडून.
इतिवृत्त मी लिहिते. बावीस वर्षं झाली.
बोलणाऱ्याला तीन मिनिटं, मग घंटी.
घंटी माझ्या हातात असते, तेवढीच माझी सत्ता.

दुपारी नकाशा छापायला घेतला
आणि यंत्रातली निळी शाई संपली.
नवी बॉइसीहून यायची, म्हणजे गुरुवार.
निळं गेलं की हिरव्याचं काय होतं
हे इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं.
पिवळं होतं.

आमच्या आराखड्यात हिरवं म्हणजे शेत,
पिवळं म्हणजे घरं.
कागद कुरकुरत बाहेर सरकला
तो अख्खी काउंटी पिवळी.
टॉर्गर्सनचं बीटाचं रान पिवळं,
पुदिन्याचा पट्टा, मेंढ्यांची कुरणं,
कालव्यापलीकडची दफनभूमीसुद्धा.
आणि नदी नव्हतीच.
दोन काठ होते, मध्ये कोरा कागद.

वेळ नव्हता. तोच टांगला.

लोक आले, बर्फाळ बूट आपटत.
नकाशा चुकलाय असं कुणीच म्हणालं नाही.
जो तो बोटानं आपलं घर शोधत होता
आणि सापडलं की बोट तिथंच ठेवून
शेजाऱ्याचं बघत होता.

बेगोन्या उरिआर्ते बोलली विहिरीबद्दल.
आजोबांनी चाळीस फुटांवर पाणी काढलं,
तिचा पंप आता दोनशे दहावर.
"दोनशे घरं म्हणजे दोनशे नळ,
आणि प्रत्येकाला अंगणात हिरवळ हवी." घंटी.

टॅम्झिन योकम, चौथीची शिक्षिका,
चर्चच्या मागे कॅम्परमध्ये राहते.
"तुमच्या पोरांना अपूर्णांक शिकवते मी.
या गावात भाड्यानं एक खोली नाही.
तुम्ही ज्याला वाढ म्हणता ना,
ते माझ्यासाठी एक दार आहे, आतून कडी लागणारं."
तिला घंटी द्यावी लागली नाही.
वेळ उरवून ती बसली.

लेलँड टॉर्गर्सन शेवटी उठला.
वय एक्याऐंशी, एकशेसाठ एकर, मुलगा पोर्टलंडला.
"तुम्हाला माझं रान हिरवं हवंय
ते खिडकीतून बघायला.
बघण्याचं भाडं आजवर कुणी दिलंय?"
काही जण हसले. तो हसला नाही.
नकाशाजवळ गेला, चश्मा वर सारला,
आणि इतका वेळ गप्प राहिला
की माझा हात घंटीवर जाऊन परत आला.
मग विचारलं, "नदी कुठं गेली?"

कुणी उत्तर दिलं नाही.
अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं.
शाई संपली, एवढं म्हणायचं होतं,
दोन शब्द. पण अख्खी खोली
त्या कोऱ्या पट्टीकडे अशी बघत होती
की शाईचं नाव काढायला लाज वाटली.

उठले. खिशात बॉलपेन होतं,
पीक विमा कंपनीनं फुकट वाटलेलं.
उत्तरेकडून सुरुवात केली,
जिथं ती डोंगरातून उतरते.
सरळ नदी मला कधीच काढता आली नाही
आणि ही तर सरळ नाहीच.
उरिआर्तेंच्या वळणावर हात थरथरला,
रेघ काठ सोडून पिवळ्यात शिरली,
आणि तिथं, बोटभर जागेत,
हिरवं झालं.

टॉर्गर्सन म्हणाला, "पूर आला की तिथवर येतेच ती."

मतदान पुढच्या महिन्यावर गेलं.
कॉफी उरली, ती मोरीत ओतली.
खुर्च्या टॅम्झिनने आणि लेलँडने मिळून घडी केल्या;
काय बोलत होते ते ऐकू आलं नाही,
आणि इतिवृत्तात ते येतही नाही.

घरी जाऊन शुद्ध प्रत लिहिली.
आठ वाजून चाळीस मिनिटं: नदी दुरुस्त केली.
कुणी, ते लिहिलं नाही.