पोळं

कुताइसीच्या इस्पितळात, तळघरातल्या खोलीत,
शिशाच्या दोन जाळ्या आहेत माझ्याकडे.
एक बारीक घरांची, एक जरा मोठ्या.
तिसरी कागदावर आहे, मंजुरीच्या वाटेवर,
चार वर्षं.

ओतिया आजोबा टेबलावर चढण्याआधी वाकून बघतात.
"हे तर पोळं! सहा कोनांचं."
जन्म गेला त्यांचा चेस्टनटच्या रानात, मधमाश्यांमागे;
बोटांना अजून मेणाचा वास.
"मध कुठाय मग?"
मध तुमच्या दंडात टोचला, तीन तासांपूर्वी.
आता तो हाडांत जाऊन बसलाय
आणि तिथून चहूकडे उडतोय.
या घरांतून सरळ येईल तेवढाच आत घ्यायचा,
तिरका आला की शिसं गिळतं.
"शिसं तुमचं फारच शिस्तीचं."

मी बारीक जाळी लावते. पुस्तक तेच सांगतं:
घरं जितकी बारीक, तितकी रेघ स्वच्छ.
पण बारीक घरं सावकाश भरतात
आणि ओतियांच्या कंबरेला तेवढा धीर नाही.
अकराव्या मिनिटाला गुडघा हलतो.
विसाव्याला दातांतून एक शब्द निसटतो,
आमची आई जो घरात बोलू देत नसे.
पडद्यावर दोन कणे, एकमेकांत गुंतलेले,
दोन्ही खोटे.

थांबवते. गाडा आणते.
शिशाचं धूड करकरत उतरतं,
मोठ्या घरांची जाळी चढते.
"ही नरांची," मान वळवून ओतिया म्हणतात.
"कामकरणींची घरं लहान, नरांची मोठी.
असली पोळी मी कापून टाकतो."
आज नका कापू.

कॅमेरा टेबलाखालून वर आणते, अजून वर,
पाठीला जवळजवळ भिडेपर्यंत;
बोटभर अंतरही धुकं घालतं इथे.
सात मिनिटं. ठिपक्यावर ठिपका.
खडबडीत चित्र, पण कणा एकच,
आणि कमरेच्या तिसऱ्या मणक्यात
एक घर काठोकाठ भरलेलं.

"दिसलं?"
डॉक्टर मेदेआ सांगतील.
ते हात मागे नेतात
आणि नेमकं तिथेच बोट ठेवतात.
मी फाइलला नाव देते, दोनदा चुकते.

बूट चढवताना विचारतात,
"संध्याकाळी माश्यांजवळ गेलो तर चालेल?
त्यांना नाही ना बाधणार माझं काही?"
पाणी भरपूर प्या. सहा तासांनी अर्धं उरेल,
मग अर्ध्याचं अर्धं.
उद्या जा.

"उद्या," म्हणतात,
आणि काढून ठेवलेल्या बारीक जाळीवर
टिचकी मारून कान लावतात.